त्या शक्तीच्या गोळ्या नव्हत्या

वैनी, दहाव्याच्या दिवशी तुझ्या पिंडाला कावळा लगेच शिवला. खाडीवर जमलेले सगळे हुश्श करून म्हणाले, बाई समाधानाने गेली, मागे काही राहिलं नाही तिचं. मी तिथेच बोलणार होते की कावळा भुकेला होता, दुसरं काही नाही. पण तुझ्या नवऱ्याचं, दादांचं तोंड बघितलं आणि गप्प बसले. काल बाराव्याला मात्र नाही बसले. काय झालं ते तुला सांगायलाच हवं, कारण तू असतीस तर सगळ्यात आधी तूच माझ्यावर डाफरली असतीस.

आज पार्लर उघडून बसलेय. सकाळपासून एक बाई फिरकली नाही. कालचं माझं तोंड ऐकून आल्या नसतील, किंवा सुतकाच्या घरी भुवया कोरायला कशाला जा म्हणून आल्या नसतील. राहनाळच्या रस्त्यावरून गोदामांचे ट्रक चाललेत, आरशावर धूळ बसतेय आणि मी ती पुसतेय. "लोकांच्या भुवया उपटून पोट भरतेस होय गो?" असं मला हिणवायचीस आणि लग्नसराई आली की गुपचूप ह्याच खुर्चीत येऊन बसायचीस. वर बजावायचीस, "जास्ती कोरू नको. देवांनी वळखली पायजे मना."

देवांनी ओळखायला हवंच होतं, कारण त्यांना बोलवायचं काम तुझं. तू धवलारीण, हिराबाई धवलारीण. आपल्या आगरी लग्नात भटजीच्याही आधी तुझा मान. मांडवात बसून धवळे गायला लागलीस की एकेकाला नाव घेऊन आवतण जायचं. गावदेवी, वेशीवरचा, खाडीतला, डोंगरावरची, मग घरातले गेलेले आजे-पणजे. एक नाव सुटलेलं तुला खपायचं नाही. मी निजामपुऱ्याजवळच्या गल्लीतून, लूमच्या खडखडाटातून ह्या घरात धाकटी सून म्हणून आले. माझ्या लग्नात तू माझ्या मेलेल्या चुलतआजीचं नाव कुठून तरी विचारून घेतलंस आणि गायलीस. माझी आई मांडवात ढसाढसा रडली. थोरल्या जावेशी जमवून घ्यायचं, असं मी त्याच दिवशी ठरवलं.

जमलं कुठे! पहिल्याच आठवड्यात कालवणातल्या मिठावरून आपलं वाजलं. तू मूठ भरून मीठ टाकायचीस. मी म्हटलं, वैनी, हे कालवण आहे की खाडी? तू कमरेला पदर खोचून म्हणालीस, "आमी आगरी. मिठाच्या आगरात घाम गालून मोठी झालेली मानसं. तू शेरातली, तुजी जीभ पानचट." तुझ्या माहेरी खरंच मिठागर होतं. लहानपणी पायाला भेगा पडेपर्यंत तू मीठ ओढलं होतंस. त्यामुळे मिठाच्या बाबतीत तुझ्यापुढे कोणाचं काही चालायचं नाही.

मग ते वर्ष आलं. तुझी लेक रेश्मा अजून शाळेतही जात नव्हती. तू गायला लागलीस ती थांबेनास. लग्न नाही, मांडव नाही, तू आपली ओसरीवर बसून गातेयस. झोप नाही, जेवण नाही, डोळे चमकतायत. आधी लोकांनी हात जोडले, म्हणाले, अंगात आलंय. मग तू घरातली तांब्या-पितळेची भांडी रस्त्याने जाणाऱ्या हमालांना वाटलीस. ठरलेलंच नव्हतं अशा लग्नाचं आवतण घेऊन गोदामाच्या वॉचमनकडे गेलीस. तो बिचारा म्हणाला, "भाभी, किसकी शादी है?" तू म्हणालीस, "सबकी." मग एक दिवस सगळं विझलं आणि तू भिंतीकडे तोंड करून पडलीस ती कित्येक महिने. भगताची लिंबं झाली, उतारे झाले. शेवटी मी दादांचं डोकं खाल्लं, आणि काशेळीच्या पुलावरून आपण तिघं ठाण्याच्या डॉक्टरकडे गेलो.

त्यांनी तुला गोळी दिली. तिचं नाव लिथियम. आजवर आपल्या घरात हे नाव कोणी मोठ्याने घेतलं नव्हतं, म्हणून मी घेतेय. त्या गोळीने तू उठलीस, अंघोळ केलीस, रेश्माची वेणी घातलीस. ज्या दिवशी तू पुन्हा चुलीपुढे बसून कालवणात मूठभर मीठ टाकलंस, त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं की ते खारट कालवण मी मुकाट्याने खाल्लं.

पण गोळीचं नाव तुला नकोच होतं. पाकिटातून सगळ्या गोळ्या काढून तू त्या टॉनिकच्या जुन्या बाटलीत भरल्यास आणि कोणी विचारलं की सांगायचीस, शक्तीच्या गोळ्या. शेजारची गोदीमावशी तर मागायलाच आली होती. "एक मनाबी दे गो, कंबार लय दुखते." तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "ह्या माज्या रक्ताला बसल्यात, तुला न्हाय चालणार," असं कायतरी ठोकून दिलंस. ती गेल्यावर आपण दोघी हसून हसून लोळलो. आणि हसू थांबल्यावर तू माझा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवलास. म्हणालीस, "कोनाला बोलू नको शोभा. येड्या बाईला कोन मांडवात बसवील? माज्या गल्याची आन हाय तुला."

गळ्याची आन. मोडली तर जिच्या गळ्याची तिचा जीव जातो, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. मी बी.ए. झालेली बाई, तरी मोडली नाही. तुझ्यावर जीव होता, म्हणूनच मोडली नाही. आता हे लिहितानासुद्धा राग येतोय बघ. मी आन पाळली आणि तू मेलीस. आता मोडायला कसली भीती?

रक्तात ती गोळी किती चढली ते बघायला मधूनमधून ठाण्याला जावं लागायचं. गावात काय सांगायचं? कपडे घ्यायला चाललो. म्हणून दर खेपेला रक्त देऊन झालं की तू स्टेशनजवळच्या दुकानातून एक ब्लाउजपीस घ्यायचीस, परत आल्यावर चारचौघींना दाखवायला. मी म्हणायचे, वैनी, अगं शिव तरी एखादा. "शिवायला कशाला, दाखवायला घेतलाय," म्हणायचीस. तुझी पत्र्याची पेटी त्या तुकड्यांनी भरली. हिरवे, जांभळे, काठाचे, बिनकाठाचे, सगळे कोरे. इतकी वर्षं तू बरी होतीस, गात होतीस, भांडत होतीस. ती सगळी वर्षं त्या पेटीत घडी घालून पडली होती.

मग गुडघे धरले. धवळे म्हणजे तासन्‌तास मांडी ठोकून बसणं. तू नाक्यावरच्या डॉक्टरकडे गेलीस. त्यांचा कंपाउंडर मोठ्या डब्यातून गोळ्या काढून वर्तमानपत्राच्या कागदात पुड्या बांधतो. तांबडी सकाळी, पांढरी दोन वेळा. नाव नाही, गाव नाही. गुडघ्याला आराम पडला. मग त्यांनीच तुझं बीपी मोजलं, जास्त निघालं, आणि आणखी एक गोळी आली, लघवी जास्त होणारी. वर ताकीद, मीठ बंद. त्यांनी तुला विचारलं होतं म्हणे, दुसरं काही औषध चालू आहे का? तू "न्हाय" म्हणालीस. दादा शेजारीच बसले होते. ते वर पंख्याकडे बघत राहिले. हे त्यांनी मला हॉस्पिटलच्या जिन्यात बसून सांगितलं, आणि सांगताना लहान मुलासारखे रडले. त्यांच्यावर मी रागावू शकले नाही. त्यांनाही तूच आन घातली होतीस.

तुझं मीठ बंद झालं तेव्हा मी तुला किती चिडवलं! आगराची लेक आळणी जेवते म्हणून सगळ्या आळीत सांगत सुटले. तू एकदा मनावर घेतलंस की संपलं. सुकट नाही, बोंबील नाही, लोणचं नाही. ताटातल्या पांढऱ्या भाताकडे तू अशी बघायचीस की मलाच घास जाईना. पण पुड्यांवरून आपलं खरं भांडण झालं. मी म्हटलं, ह्या पुड्या ठाण्याच्या डॉक्टरला दाखव. "त्याच्यात काय हाय ता मनाच म्हायती न्हाय, त्यांना काय दाकवू?" मग इथल्या डॉक्टरला शक्तीच्या गोळ्यांचं सांग. "त्याचा कंपाउंडर आपल्याच गावचा. सांजंपर्यंत सगल्या मांडवांत खबर." मी म्हटलं, वैनी, एका पोटात जातंय सगळं. तू चिडलीस. "गुडघ्याचा न् डोक्याचा काय संबंद? लगीनसराई सरू दे, मंग जाऊ ठान्याला."  संबंध काय ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

लग्नसराई सरली नाही. मे महिना, पत्र्याच्या मांडवातला उकाडा, त्यात तुला दोन दिवसांपासून उलट्या-जुलाब. सगळे म्हणाले, ऊन लागलं. त्या संध्याकाळी हळदीला तू गायला बसलीस तेव्हा तुझ्या हातातले तांदूळ थरथरून पाटाबाहेर पडत होते. तू हात पदराखाली घेतलास. आवाज लागला पण जड. गावदेवीचं नाव दोनदा आलं. वेशीवरच्याचं आलंच नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तू उठायला गेलीस आणि झोकांडी जाऊन कलशांवर आडवी झालीस. मांडवामागे पुरुषांच्या बाटल्या उघडल्याच होत्या. तिथून कोणीतरी ओरडला, "आज धवलारीण टाइट हाय!" आणि मांडव हसला.

मांडव हसला, वैनी. ज्यांच्या आज्या-पणज्यांची नावं तू तोंडपाठ ठेवलीस, ते हसले. मी तिथे जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. निजामपुऱ्याच्या गल्लीत शिकलेल्या सगळ्या शिव्या मला एकदम आठवल्या. मी तुला धरून बसवत होते आणि तू जड जिभेने माझ्या कानाशी म्हणालीस, "नावां सुटली गो शोभा." तुला पडल्याचं, लोक हसल्याचं काही नव्हतं. नावं सुटली ह्याचंच वाईट वाटत होतं. ते तुझं शेवटचं धड वाक्य.

नाक्यावरच्या डॉक्टरने सलाइन लावलं, म्हणाले, उन्हाचा त्रास. सकाळी तू कोणाला ओळखेनाशी झालीस तशी आम्ही जीप केली आणि ठाण्याला नेलं. तिथे जाईपर्यंत किडनी बसत आली होती. त्यांनी मशीनवर घेतलं, जे होतं ते सगळं केलं. तुझ्या जुन्या डॉक्टरांनी मला बाजूला बसवून पुन्हा पुन्हा विचारलं, आणखी काय चालू होतं? ह्या वेळी मी सगळं सांगितलं. पुड्या, बीपीची गोळी, आळणी जेवण. ते एकेक लिहून घेत गेले, पण तोवर उशीर झाला होता; तू परत आली नाहीस.

आता ऐक तुझ्या प्रश्नाचं उत्तर. लिथियम म्हणजे एक प्रकारचं मीठच. किडनीला ते आपल्या मिठासारखंच वाटतं. तू जेवणातलं मीठ तोडलंस, तर किडनीने घाबरून हे मीठ धरून ठेवलं. गुडघ्याच्या गोळीने ते बाहेर पडायची वाट अरुंद केली. लघवीच्या गोळीने पाणी आणि मीठ काढून टाकलं आणि हे मागे ठेवलं. वर उलट्या, जुलाब, घाम. रोजचीच तेवढीच गोळी, जिच्यावर तू इतकी वर्षं जगलीस, ती आत साठत साठत विष झाली. गुडघ्याचा आणि डोक्याचा संबंध हा होता, वैनी. सगळी मिठागरं आपली, आणि ही गोष्ट आपल्याला कोणी सांगितली नव्हती. सांगितली असेलही, ठाण्याच्या डॉक्टरने पहिल्या दिवशी, विचारल्याशिवाय मीठ-पाणी बदलू नका म्हणून. पण एवढ्या वर्षांनी कोणाच्या लक्षात राहतंय, आणि गावात उघड बोलायचीच बंदी असेल तर आठवण तरी कोण करून देणार?

मी नाक्यावरच्या डॉक्टरकडेही गेले. भांडायलाच गेले. ते म्हणाले, "मी विचारलं होतं. त्या नाही म्हणाल्या." खरं होतं ते. मी म्हटलं, बरोबर, तिने लपवलं. आणि तुम्ही काय दिलं ते पुडीवर लिहिलंत? ते म्हणाले, इथे सगळे असंच देतात. म्हटलं, म्हणूनच इथे आलेय. मागे बाकावर पेशंट बसले होते, सगळ्यांनी ऐकलं. माझी भीड त्या दिवशी चेपली.

आणि गाव काय म्हणालं ऐक. एक गट म्हणाला, बाई प्यायली होती. दुसरा म्हणाला, करणी. घरातल्यांनी ठरवलं, हार्ट म्हणायचं, कारण रेश्माचा साखरपुडा झालाय काल्हेरला, आईला डोक्याची गोळी होती हे कळलं तर सोयरीक मोडेल. तुला दारुडी म्हटलेलं त्यांना चालत होतं गं. हळदीत झिंगलेली धवलारीण ही हसून सोडून द्यायची गोष्ट. रोज सकाळी पाण्याबरोबर गोळी घेऊन शहाणी राहिलेली धवलारीण मात्र चालणार नाही. ज्यांच्या कानावर थोडंफार गेलं होतं, ते आणखी पुढे. म्हणे त्या डोक्याच्या गोळीनेच मारली. नाही. त्या गोळीने तुला भिंतीकडून वळवून आमच्याकडे तोंड करायला लावलं. तिच्याबद्दल कोणी वाकडं बोललं तर माझ्याशी गाठ आहे. आणि हे ऐकून कोणी आपली गोळी परस्पर फेकून दिली तर त्याच्याशीही.

काल बाराव्याला दादांनी तुझी पेटी उघडायला लावली. सवाष्ण गेली, तिची वस्त्रं बायकांना द्यावीत म्हणाले. काल्हेरची मंडळीही आली होती, रेश्माची होणारी सासू पुढेच बसली होती. मी एकेकीला हळदकुंकू लावून ब्लाउजपीस देत होते. पेटी काही रिकामी होईना. गोदीमावशी म्हणालीच, "इतके कोरे? हिरी दुकान टाकणार होती का काय?" सगळ्या हसल्या. दादांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत हात जोडलेले होते.

मी रेश्माकडे बघितलं. तिच्या सोयरिकीवर बोलायचा हक्क तिचा होता. ती पेटीशेजारी बसली होती, तुझ्यासारखीच मांडी ठोकून. तिने एक हिरवा ब्लाउजपीस उचलला आणि मला म्हणाली, "सांग काकी. न्हायतर मी सांगते."

मग मी सांगितलं. ह्यातला एकेक तुकडा म्हणजे ठाण्याची एक खेप आहे. हिराबाईला मनाचा आजार होता, ती औषध घ्यायची, औषधाने बरी होती आणि तुमच्या सगळ्यांच्या लग्नांत गायली ती त्या औषधावर उभी राहून गायली. ती कधी प्यायली नाही. तिला मारलं ते दोन डॉक्टरांच्या औषधांनी एकमेकांना न ओळखल्याने, आणि ओळख करून द्यायला ती घाबरली तुम्हा-आम्हाला. गोळीचं नाव घेतलं. दोनदा घेतलं. गुडघ्याची, बीपीची, आळणी जेवणाची सगळी कथा सांगितली.  दादा उठून मागच्या दारी गेले. आता संपलं, मी मनात म्हटलं, रेश्माचं लग्न मी मोडलं.

काल्हेरची बाई बराच वेळ मांडीवरच्या ब्लाउजपीसची घडी घालत राहिली. मग उठली. मला वाटलं निघाली. ती माझ्याजवळ आली, कमरेची चंची सोडली आणि त्यातून एक कागदाची पुडी काढून माझ्या तळहातावर ठेवली. वर्तमानपत्राची, मळलेली, नाव नसलेली. हळूच म्हणाली, "झोपंची हाय म्हणतान. मालक गेल्यापासून घेतंय मी. पोराला बी म्हायती न्हाय. आन् ही दुसरी, सांद्यांची. चालतान का गो दोनी एका टायमाला?"

मी म्हटलं, मला नाही कळत त्यातलं. पण सोमवारी आपण दोघी जाऊ, दोन्ही पुड्या डॉक्टरच्या टेबलावर ओतू आणि नाव लिहून घेतल्याशिवाय उठायचं नाही. ती म्हणाली, "सूनबाईला बी घेऊ संगती." रेश्माकडे बघून म्हणाली, सूनबाई. मग तिच्या मागे आणखी एक बाई उठली, आणि गोदीमावशी कमरेची चंची चाचपडायला लागली.

तर सोमवारी ठाण्याला चाललोय. गावात काय सांगायचं हे कोणी विचारलं नाही. ब्लाउजपीस आणणार नाही. तुझी आन मोडली, वैनी, सगळ्या आळीसमोर मोडली. ये, भांड माझ्याशी.